गाडी नसताना खान्देशात पीजी-पीएचडी करायची तर फिरायचं कसं

परवा शहाद्याकडची एक मुलगी भेटली, एमएस्सीला नवीन ॲडमिशन झालेली, आणि तिचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नव्हताच, ताई माझ्याकडे गाडी नाही ना, मग मी कसं करणार असा होता. स्कूटी पण नाही, घरची एकच मोटरसायकल ती शेतात लागते. मी तिला उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवट राहिलं म्हणून नीट लिहून काढतेय, कारण मी स्वतः एमएस्सी आणि मग पीएचडी अशी सगळी वर्षं एसटी, पॅसेंजर आणि कालीपिली म्हणजे शेअर जीपवर काढलीत, आणि माझं काम पण असं की एका जागी बसून होणारं नाही, केळीच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी गोळा करायचं आणि जळगावला लॅबमध्ये आणून तपासायचं. होतं सगळं. फक्त आधी दोन गोष्टी डोक्यात बसल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, खान्देशात आडवं जाणं सोपं आणि उभं जाणं अवघड. नकाशा समोर घेऊन बघा. वरती सातपुड्याच्या पायथ्याने बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता जातो, रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, सगळे एका माळेत. खाली हायवे, भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, नवापूर. दोघांच्या मधून सुरत लाईन, जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार. आणि भुसावळहून जळगाव, पाचोरा, चाळीसगाव करत मुंबईकडे जाणारी मोठी लाईन. या चार रेघांवर कुठेही असाल तर काही ना काही मिळतंच, अर्धा-पाऊण तास थांबावं लागेल पण मिळतं. त्रास होतो तो एका रेघेवरून दुसरीवर जाताना, कारण मध्ये तापी आहे आणि तापीवर पूल मोजके, विदगावचा, सावळद्याचा, सारंगखेड्याचा, प्रकाशाचा असे, म्हणजे समोरचं गाव सरळ रेषेत दहा किलोमीटरवर दिसलं तरी गाडी पुलावरूनच फिरून जाणार. त्यामुळे गावं निवडताना, रूम बघताना, गाईड सॅम्पलिंग साइट विचारतात तेव्हा, आधी बघा की ते या रेघांवर आहे की रेघ सोडून आत आहे. माझ्या पहिल्या वर्षाच्या साइट मी नुसता भूगर्भाचा नकाशा बघून ठरवल्या होत्या आणि त्यातल्या चार अशा निघाल्या की एका साइटला एक अख्खा दिवस, मग गाईडशी बोलून त्याच खडकाच्या पण फाट्यापासून पायी जाता येईल अशा विहिरी घेतल्या. त्यात अभ्यास कुठे कमी झाला नाही.

दुसरी गोष्ट, जायचं कसं ते नंतर बघा, आधी परत कसं यायचं ते ठरवा. सकाळी निघताना सगळंच मिळतं हो, दूधवाला टेम्पो पण मिळतो. संध्याकाळी पाचनंतर आतल्या गावातून फाट्यावर यायला फारसं काही नसतं. यावर पुढे सांगते.

आधी रोजचं विद्यापीठ. जळगाव स्टेशन-स्टँडपासून विद्यापीठ साधारण आठ-दहा किलोमीटर, धुळ्याकडच्या हायवेलाच लागून, गिरणेचा पूल ओलांडला की बांभोरी आणि पुढे गेट. एरंडोल, पारोळा, धुळे, धरणगाव, अमळनेर या सगळ्या एसटी गेटसमोरूनच जातात पण सगळ्या थांबतीलच असं नाही, जलद गाडी असेल तर चढायच्या आधी कंडक्टर दादांना विचारा, चढल्यावर नाही. २०१८ साली विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव लागलं, आम्हाला त्याचा अभिमान आहेच, पण तिकीट काढताना नुसतं विद्यापीठ किंवा उमवि, म्हणजे जुनं नाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हटलं की लगेच कळतं. स्टँडवर जायची पण गरज नसते बरेचदा, हायवेला लागून शिव कॉलनी, गुजराल पंप, खोटेनगर या बाजूला रूम घेतली तर तिथूनच बांभोरी-पाळधीकडच्या शेअर रिक्षा मिळतात. माझं सरळ मत आहे की रूम घेताना पाचशे रुपये भाडं जास्त गेलं तरी हायवेजवळ घ्या, आत कुठेतरी स्वस्त रूम घेऊन रोज दोन रिक्षा बदलणाऱ्या मैत्रिणी मी बघितल्यात, महिनाअखेर त्यांचाच खर्च जास्त व्हायचा आणि दिवसाचा तास जायचा तो वेगळा. हॉस्टेल मिळालं तर प्रश्नच मिटला, पण कॅम्पस पसरलेला आहे, गेटपासून डिपार्टमेंट, डिपार्टमेंटपासून हॉस्टेल, मे महिन्यात ते चालणं सोपं नाही, तेव्हा एखादी जुनी सायकल घेऊन ठेवा. गिअरची नको, साधी, कॅरिअरवाली. पास होऊन जाणाऱ्या सिनियरकडून मिळते.

आता पासचा हिशोब, हा नीट वाचा कारण यात खूप जण पैसे घालवतात. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासला ६६ टक्क्यांच्या वर सवलत आहे, म्हणजे महिन्याच्या तीस दिवसांचं जाणं-येणं आणि पैसे साधारण दहा दिवसांचे. मुलांसाठी हिशोब सोपा, महिन्यात दहा दिवसांपेक्षा जास्त जायचं असेल तर पास काढाच. मुलींचं वेगळं आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तर रोज अर्धं तिकीट काढलं तर वीस दिवसांत पासाएवढे पैसे होतात. म्हणजे समजा एका बाजूचं पूर्ण तिकीट ४० आहे, जाऊन-येऊन ८०, पास पडेल ८०० ला, आणि अर्ध्या तिकिटाने रोजचे ४०, वीस दिवसांचे ८००. आता एमएस्सीला प्रॅक्टिकल धरून तुम्ही आठवड्याला सहा दिवस जाताय तर पास फायद्याचा, पण पीएचडीवाल्या मुली आठवड्याला तीन-चारच दिवस जातात, तेरा ते सतरा दिवस होतात महिन्याचे, त्यांनी पास काढून उलट तोटा होतो. परीक्षा, दिवाळीच्या सुट्ट्या असतील त्या महिन्यात तर कुणीच डोळे झाकून पास काढू नका, आधी कॅलेंडर बघा. पासला बोनाफाईड लागतं, फोटो, आयडी, आणि तो साध्या गाडीला चालतो, शिवशाहीत बसून दाखवू नका. अर्धं तिकीट मात्र शिवशाहीला पण आहे. एक अजून, आपल्याकडे बऱ्हाणपूर आणि सुरतकडे जाणाऱ्या गाड्या भरपूर, त्यात अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असते, पुढचं पूर्ण लागतं, ते लक्षात ठेवून पैसे घेऊन निघा.

रेल्वे. भुसावळहून येणाऱ्यांसाठी तर रेल्वेच, पंचवीसेक किलोमीटर, गाड्या दिवसभर. पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर, धरणगाव इथून येणाऱ्यांनी पण एमएसटी म्हणजे महिन्याचा पास काढावा, विद्यार्थ्यांना त्यात वेगळी सवलत मिळते, कॉलेजचा फॉर्म सही-शिक्क्यासह खिडकीवर द्यायचा. एमएसटी दीडशे किलोमीटरपर्यंतच निघते. जनरल डब्यातच बसायचं, आणि सुपरफास्टला वरचा चार्ज भरल्याशिवाय चालत नाही, यात नवीन पोरं हमखास सापडतात आणि दंड भरतात. सुरत लाईनवाल्यांसाठी सांगते, पाळधीला पॅसेंजर थांबते, तिथे उतरून हायवेवरून विद्यापीठ जवळ पडतं, जळगावपर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही. सुट्टं तिकीट काढायचं असेल तर मोबाईलवर रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर जनरलचं तिकीट निघतं पण ते स्टेशनच्या बाहेर असतानाच काढा, प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर अ‍ॅप घेत नाही, मग तिथला क्यूआर शोधत पळावं लागतं.

आणि पीएचडीवाल्यांना हे माहितच नसतं, मला पण तिसऱ्या वर्षी कळलं, की संशोधनाच्या कामासाठी प्रवास असेल तर पस्तीस वर्षांपर्यंतच्या रिसर्च स्कॉलरला रेल्वेत सेकंड आणि स्लीपरला ५० टक्के सवलत आहे. फॉर्म विद्यापीठाच्या सहीने भरून तिकीट खिडकीवरूनच काढावं लागतं. पुण्या-मुंबईला, नागपूरला लायब्ररी किंवा कॉन्फरन्ससाठी जाताना वापरा, आपल्या हक्काचं आहे, लाजू नका.

धुळ्याला मात्र जळगावहून रेल्वेचा विचार करू नका. धुळे स्टेशन चाळीसगावच्या फाट्याच्या लाईनवर आहे, म्हणजे चाळीसगावला जाऊन गाडी बदलायची, तेवढ्यात एसटीने तुम्ही धुळ्याला जाऊन जेवण करून बसाल. चाळीसगावच्या मुलांना धुळ्याला जायला ती छान आहे. आणि पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, आमची पीजे, ती २०२० पासून बंद आहे, मोठ्या लाईनचं काम चालू आहे. मी तिच्यातून लहानपणी मामाकडे जायचे म्हणून तिचं नाव काढल्याशिवाय राहवलं नाही.

आता फिल्डवर्क, इथे खरी परीक्षा. एसटीच्या खेड्यातल्या फेऱ्या कशावर चालतात ते समजून घ्या म्हणजे टाइमटेबल पाठ करावं लागत नाही. एक, मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री शेवटच्या गावात थांबते, सकाळी साडेपाच-सहाला तिथून परत निघते. आतल्या गावात तुम्हाला सकाळी लवकर सॅम्पल हवं असेल तर आदल्या संध्याकाळी मुक्कामीने जा, गावात कुणाकडे रात्र काढा, सकाळी काम करून पुढच्या गाडीने या. दोन, शाळेच्या गाड्या. खूप गावांना सकाळी आणि संध्याकाळी ज्या फेऱ्या आहेत त्या शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी आहेत, सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या तर खास मुलींसाठी. म्हणजे रविवारी, दिवाळीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या फेऱ्या नसतात किंवा कमी होतात. आणि आपण नेमकं काय करतो, लेक्चर नाही म्हणून रविवारी फिल्डला जातो. मी पण हेच करायचे. फिल्ड नेहमी शाळेच्या दिवशी ठेवा, हवं तर डिपार्टमेंटला सुट्टी टाका. तीन, आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी आतल्या गावातून पण पाच-सहा कालीपिली, ॲपे धावतात, इतर दिवशी एकही नाही. गावात कोणालाही विचारा बाजार कधी असतो, सांगतील.

फेऱ्यांची माहिती इंटरनेटवर शोधू नका, लांबच्या गाड्यांचं दिसतं तिथे, आतल्या गावांचं नाही. तालुक्याच्या स्टँडवर कंट्रोलर साहेब बसतात त्यांना जाऊन विचारा, काय काम आहे ते दोन वाक्यात सांगा, ते फळ्यावर नसलेलं पण सांगतात, की साडेचारची गाडी आज ड्रायव्हर नाही म्हणून जाणार नाही वगैरे. आणि कंडक्टरला उतरताना विचारायचं, दादा परत कितीला येता, हा प्रश्न मी शेकडो वेळा विचारला असेल. एकदा मी नाही विचारला. चोपडा तालुक्यात आत एका गावात गेले होते, दुपारी चार विहिरी झाल्या, पाचवी मळ्यात होती म्हणून गेले, परत गावात आले तर सहा वाजलेले आणि शेवटची गाडी पावणेसहाला गेलेली. डिसेंबर, अंधार लवकर पडला. ज्यांच्या विहिरीचं पाणी घेतलं होतं त्या मावशी म्हणाल्या, कोठे जाशील आता पोरी, राहा इथेच. कळण्याची भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, त्यांच्या नातीजवळ झोपले, सकाळी सहाच्या मुक्कामी गाडीने निघाले. त्या घराशी आजपर्यंत येणंजाणं आहे, पण त्या रात्री माझ्या आईला फोन लागत नव्हता आणि तिने रात्र कशी काढली ते तिलाच माहीत. तेव्हापासून नियम केला, सॅम्पल राहिलं तरी चालेल, शेवटच्या नाही तर शेवटून दुसऱ्या गाडीने निघायचं. शेवटची गाडी ही राखीव धरायची. मुलींनी तर नक्कीच. आणि सकाळी निघताना कोणत्या गावाला, कोणाकडे, कोणत्या गाडीने परत, हे घरी आणि लॅबमधल्या एकाला लिहून पाठवायचं, सातपुड्याच्या बाजूला रेंज जाते म्हणून आधीच. गाडीत कंडक्टरच्या जवळची सीट घ्यायची. ११२ नंबर पाठ असू द्या.

सॅम्पल बसमधून आणणाऱ्यांसाठी थोडं. पीएच आणि तापमान विहिरीवरच घ्या, छोटा मीटर सॅकमध्ये मावतो. बाकीचं पाणी बर्फात चार अंशाच्या आसपास ठेवून आणायचं, नायट्रेट ४८ तासांत तपासून व्हायला पाहिजे, बीओडीला (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायची तपासणी) तर त्याच दिवशी लॅब गाठलेली बरी, म्हणजे तुमचं सगळं टाइमटेबल बाटलीवर ठरतं. थर्माकोलचा डबा वापरला तर फुटतो, गर्दीत कोणीतरी त्यावर बसतंच, मी पाच लिटरचा पाण्याचा थर्मास-जार घेतला, त्यात बाटल्या बसतील अशा मापाच्याच बाटल्या घेतल्या आणि तो पायात धरून बसायचे. बर्फ तालुक्याच्या गावात मच्छीवाल्याकडे किंवा रसवंतीवर मिळतो. कंडक्टरने विचारलं यात काय तर झाकण उघडून दाखवायचं आणि सांगायचं विहिरीचं पाणी तपासायला नेतेय, मग अर्धी बस आपापल्या विहिरीचं सांगायला लागते, आमच्याकडचं पण न्या ताई म्हणतात, मला दोन चांगल्या साइट अशाच मिळाल्या. ॲसिड मात्र बसमध्ये किंवा रेल्वेत अजिबात न्यायचं नाही, बाटलीभर पण नाही, त्याला बंदी आहे आणि सांडलं तर शेजारच्याचा पाय जाईल. धातूंसाठीचं सॅम्पल लॅबला आल्यावर ॲसिड घालून निदान एक रात्र ठेवून मग तपासायचं, चालतं तसं.

सातपुड्यात काम असेल, धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे, तर एसटी कमी आणि जीप जास्त हे धरूनच चला. शहादा, तळोदा, अक्कलकुवा इथे मुक्काम ठेवा आणि तिथून सकाळी पहिली जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही, तासभर बसायची तयारी ठेवा, आणि पुढे ड्रायव्हरजवळ जागा मिळाली तर चांगलं, कारण घाटात मागे उलट्या होतात. टपावर किंवा मागे लटकून कधी जायचं नाही, कितीही आग्रह झाला, कितीही उशीर होत असला तरी. भाडं चढायच्या आधी शेजारच्या बाईला विचारून घ्यायचं. भिली, पावरीतले चार शब्द तिथल्याच कोणाकडून शिकून जा, विद्यापीठातून आलेली मॅडम हे अंतर कमी होतं.

इतिहास, मराठीवाल्यांचं काम त्या मानाने रेघेवरच आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं, आणि रामदासी हस्तलिखितांचं समर्थ वाग्देवता मंदिर, दोन्ही एकाच फेरीत बसतात, फक्त जायच्या आधी फोन करून उघडं आहे का विचारा, नाही तर शंभर किलोमीटर जाऊन कुलूप बघून यावं लागतं. अमळनेरचं तत्त्वज्ञान केंद्र तर सुरत लाईनवर, स्टेशनला उतरलं की शहरातच.

ऊन हा विषय खान्देशात वेगळाच आहे, एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि भुसावळ तर सगळ्यांना माहीतच आहे. या दोन महिन्यांत अकरा ते चार फाट्यावर उभं राहायचं नाही, म्हणजे नाहीच. सहाच्या गाडीने जा, दहाला काम संपवा, नाही तर दुपार गावात लिंबाखाली काढून चारनंतर निघा. सुती पंचा किंवा ओढणी, दोन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं. डब्याला पोळी-भाजी नको, उन्हात भाजी आंबते, दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी घ्या, दोन दिवस टिकतात, आपल्या आज्या उगाच नाही प्रवासाला दशम्या द्यायच्या. केळी आहेतच. पावसाळ्यात उलटा प्रकार, आतल्या रस्त्यांवर अजून फरशी पूल, म्हणजे पाण्यालगतचे बुटके पूल आहेत आणि वरती सातपुड्यात पाऊस झाला की इकडे ऊन असताना पण फरशीवरून पाणी येतं. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले अशी बातमी असेल त्या दिवशी तापीकाठच्या गावांचं काम पुढे ढकला. ड्रायव्हर पाण्यात गाडी घालायला नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, मागच्या गावात थांबा.

यात्रेचे दिवस पण वहीत लिहून ठेवा. चैत्रात सप्तशृंगगडाला, आषाढीला पंढरपूरला, महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईनगरला, दत्तजयंतीला सारंगखेड्याला जादा गाड्या सोडतात, त्या कुठून येतात, आपल्याच डेपोतून, म्हणून आठवडाभर खेड्यातल्या फेऱ्या अचानक रद्द होतात. माझं एक पूर्ण चैत्राचं सॅम्पलिंग यात गेलं होतं.

आणि वर्गातल्या कोणाची मोटरसायकल मागायची वेळ आली, येतेच कधी ना कधी, तर आधी सांगून ठेवा, पेट्रोल तुम्ही भरा, मागेही हेल्मेट घाला, आणि शक्यतो त्यालाच किंवा तिलाच सोबत न्या, नुसती गाडी नेऊ नका. मी अशा दिवशी सगळ्या अडचणीच्या, रेघेपासून लांबच्या साइट एकत्र घ्यायचे, महिन्यातून एकदा, बाकीच्या एसटीने. शहाद्याच्या त्या मुलीला पण हेच सांगितलं, तिचा घरचा रस्ता मी तिला कागदावर काढून दिला, शहाद्याहून सारंगखेड्याच्या पुलावरून दोंडाईचा, तिथून सुरत लाईनने पाळधी, आणि शुक्रवारी दुपारचं प्रॅक्टिकल संपलं की लगेच निघायचं, शनिवारची वाट बघायची नाही.